तिसरा इको

व्हिसा वेळेत आला नाही आणि तिकडच्या प्रयोगशाळेत अतिथंड मोजमापाच्या मशिनवर मिळालेली वेळ पुढे ढकलता येत नाही. म्हणून आमचा चुंबकीय क्रिस्टल कुरियरने जर्मनीला गेला आणि मी सांगलीत, विश्रामबागेतच राहिलो. तिकडे माझा एमएस्सीचा जुना विद्यार्थी पीएचडी करतोय. सँपल त्याने बसवलं, मी घरून स्क्रीनवर. (यासाठी ड्युटी लीव्ह मागितली तर कॉलेजच्या ऑफिसने प्रत्यक्ष हजर असल्याचं प्रमाणपत्र मागितलं. असो.)

काम थोडक्यात असं. यिटर्बियमच्या आयनांची त्रिकोणी जाळी. शेजारचे स्पिन (आयनांच्या आतले इवलेसे चुंबक) एकमेकांच्या उलटे राहू बघतात. त्रिकोणात दोघांचं जमतं, तिसऱ्याने तोंड कुठे करायचं? अशी मॅग्नेट कितीही थंड केली तरी शिस्तीत रांगेला लागतीलच असं नाही. आत काय चाललंय हे कळायला आम्ही आवाज सोडतो. दोन स्पिनमधलं बळ आयनांच्या अंतरावर अवलंबून असतं, त्यामुळे स्पिनची मांडणी बदलली की क्रिस्टलची ताठरता बदलते आणि ध्वनीचा वेग सरकतो. दहा लाखांत एखादा भाग सरकला तरी दिसतो, आणि हाच या पद्धतीचा माज.

हा माज टिकतो बाँडच्या, म्हणजे चिकटवणाऱ्या थराच्या जिवावर. बाहेरच्यांना वाटतं, थंड करणं अवघड. ते फ्रिज करतो, हेलियम-३ आणि हेलियम-४ चं मिश्रण फिरवत. खरं कसब क्रिस्टलच्या समोरासमोरच्या बाजू समांतर घासण्यात आणि त्यांवर लिथियम नायोबेटचे बारीकसे ट्रान्सड्यूसर (विजेचा आवाज आणि आवाजाची वीज करणारे तुकडे) थायोकॉल नावाच्या गोंदाने चिकटवण्यात. थर जाड झाला तर इको, म्हणजे क्रिस्टलमधून पलीकडे पोचलेला आवाज, पसरट येतो, नीट नाही बसला तर थंडीत आकसताना तडकतो. पोराचा हात चांगला आहे. पेपरची घाई त्याहून मोठी.

जुलै होता, कृष्णा चढत होती. शेजारच्या काकांनी गॅलरीतून विचारलं, "किती झालं?" आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट, धोका ४५. मी स्क्रीनवरची नजर न काढता म्हणालो, "एकशे ऐंशी." काका गारच पडले.

त्या १८० मिलिकेल्विनच्या (निरपेक्ष शून्याहून जेमतेम ०.१८ अंश वर) खालीच आडव्या ध्वनिलहरीचा वेग घसरायला लागला. लगेच पोराचा फोन. "सर, सॉफ्टनिंग! स्पिन लिक्विडच आहे हे."

सॉफ्टनिंग म्हणजे क्रिस्टल मऊ पडणं. स्पिन लिक्विड म्हणजे कितीही थंड केलं तरी ज्याचे स्पिन गोठत नाहीत, द्रवासारखे हलत राहतात ते मॅग्नेट. आजकाल रांगेत न आलेलं प्रत्येक मॅग्नेट स्पिन लिक्विड. यिटर्बियम-मॅग्नेशियम-गॅलियम ऑक्साइडवर असाच गाजावाजा झाला. पण त्यात मॅग्नेशियम आणि गॅलियम एकमेकांच्या जागी बसतात, आणि त्या सरमिसळीनेही तशीच लक्षणं दिसू शकतात. १९६९ साली चंचलकुमार मजुमदार आणि दीपन घोष यांनी फ्रस्ट्रेटेड, म्हणजे अशाच पेचात अडकलेल्या स्पिनच्या साखळीचं अचूक उत्तर काढलं, पण ती साखळी कागदावरची, निर्मळ. आमचा क्रिस्टल भट्टीतून आलेला.

"आधी इको मोज," म्हटलं. पहिला इको क्रिस्टल एकदा ओलांडतो, दुसरा परावर्तित होत तीनदा, तिसरा पाचदा. वेग खरंच बदलला असेल तर लहरीची फेज, म्हणजे चढउतारातली तिची जागाही १:३:५ याच प्रमाणात सरकायला हवी. बाँड कुरकुरत असेल तर प्रमाण बिघडतं. पहिल्या दोघांचं चोख बसलं. तिसरा गोंगाटात बुडालेला. पल्सची (सोडलेल्या आवाजाच्या ठोक्याची) ताकद वाढवून तो वर काढता आला असता, पण मग सँपल तापतं. तसंही थर्मामीटर सांगतो ते फ्रिजच्या तळाचं तापमान. एवढ्या थंडीत असल्या विद्युतरोधक क्रिस्टलमधून उष्णता निघता निघत नाही, त्यामुळे क्रिस्टल त्या क्षणी किती गार होता हे कोण सांगणार?

फ्रीक्वेन्सी बदलायला लावली. घसरण तशीच. मग मात्र मलाही उठवेना. पण तापवत परत आलो तेव्हा नवी रेघ आधीच्या रेघेवर बसली नाही. म्हणजे आत खरंच काहीतरी एकदम पालटत होतं, किंवा क्रिस्टल फ्रिजच्या मागे रेंगाळत होता. दोन्हींत फरक करायला निम्म्या ताकदीने, फार सावकाश तापवायला हवं होतं. वेळ संपली. पुढच्या गटाचं सँपल दाराशी उभं होतं.

पोराने पेपरचा मसुदा पाठवलाय, शीर्षकात "स्पिन लिक्विड". मी ते खोडलं. त्यावर त्याचं उत्तर, "सर, पुढची वेळ मिळेपर्यंत दुसरं कोणीतरी छापेल." तेही खरंच आहे. तिसऱ्या इकोची फाइल मी अजून वेगवेगळी सरासरी काढून बघतोय.