नवले पूल ते इरुंगट्टुकोट्टई, एकाच रस्त्याने

ऑक्टोबरात एका रात्री माझ्या भाच्याने कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना गाडीचा काटा १३० वर नेला आणि त्याचा व्हिडिओ मित्रांना पाठवला. फिरत फिरत तो ताईच्या मोबाइलवर आला. त्या उतारावर काय काय अपघात झालेत ते पुण्यात कुणाला सांगायला नको. ताई नुसती थरथरत होती. मी तिला म्हटलं, याला रागवून काही होणार नाही. गाडी जिथे खरोखर पळवतात तिथे एकदा घेऊन जातो.

म्हणून जानेवारीत आम्ही दोघं माझी नऊ वर्षांची स्विफ्ट घेऊन निघालो, चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला. मद्रास मोटर रेस ट्रॅक तिथे आहे. आता त्याचं नाव मद्रास इंटरनॅशनल सर्किट झालंय, पण जुने लोक ‘श्रीपेरुंबुदूरचा ट्रॅक’च म्हणतात. गंमत म्हणजे आमच्या नवले पुलावरून जाणारा हायवे, पूर्वीचा एनएच फोर, आताचा ४८, थेट त्या ट्रॅकवरून पुढे चेन्नईत शिरतो.

पहिला मुक्काम चित्रदुर्गला, डोंगरांवरच्या पवनचक्क्या बघत. दुसऱ्या दिवशी बंगळुरूचं ट्रॅफिक एकदा मागे पडलं की कृष्णगिरीपासून रस्ता मोकळा होतो. आंबूरला बिर्याणीसाठी थांबलोच. तांदूळ बासमती नाही, जिरगा सांबा. जिऱ्यासारखा बारीक दाणा, आणि सोबत वांग्याची आंबटसर भाजी. भाचा दोन प्लेट जेवला आणि वेल्लोर येईपर्यंत झोपला.

हा ट्रॅक मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा. क्लब १९५३ चा. आधी त्यांच्या शर्यती शोलावरमला, दुसऱ्या महायुद्धातल्या धावपट्टीवर व्हायच्या. हा ट्रॅक सुरू झाला १९९० साली. लांबी ३.७१७ किलोमीटर, वळणं बारा. फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय, नारायण कार्तिकेयन, त्याची पहिली शर्यत इथेच पळाला, फॉर्म्युला मारुतीमध्ये. ती गाडी कोइमतूरच्या करिवर्धन यांनी मारुती ८०० चं इंजिन वापरून बनवली होती, पोरांना परवडेल अशी. १९९५ मध्ये विमान अपघातात ते गेले. कोइमतूरजवळच्या चेट्टिपाळयमच्या ट्रॅकला त्यांचंच नाव आहे. हे सगळं मी भाच्याला गेटवर उभा राहून सांगितलं आणि त्याने कधी नव्हे ते मोबाइल खिशात ठेवून ऐकलं.

आम्ही गेलो होतो ट्रॅक डेला, म्हणजे आपली गाडी ट्रॅकवर पळवायच्या दिवशी. ती शर्यत नव्हे. आपली रोजची गाडी, आपलं लायसन्स, डोक्याला हेल्मेट. सकाळी गाडी तपासतात. स्टेपनी, जॅक, मॅट, पाण्याच्या बाटल्या सगळं बाहेर काढायचं, कारण वळणावर सुटी बाटली ब्रेकच्या पेडलखाली गेली तर संपलं. हेडलाइटवर चिकटपट्टी लावायची, म्हणजे काच फुटली तरी तुकडे ट्रॅकवर सांडत नाहीत. मग झेंडे समजावतात: पिवळा दिसला की पुढे धोका, ओव्हरटेक बंद, लाल दिसला की हळू होऊन पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या कडेला गाड्या थांबतात तिथे, परत. एक गोष्ट जाणाऱ्यांनी आधीच लक्षात घ्यावी. आपल्या नेहमीच्या विमा पॉलिसीत शर्यत आणि वेगाची चाचणी धरलेली नसते. इथे गाडी ठोकली तर खर्च आपला.

भाच्याच्या शेजारी शिकवणारे एक तमिळ गृहस्थ बसले, पन्नाशीचे, अगदी शांत. प्रत्येक वळणाला तीन कोन, म्हणजे खुणेचे शंकू, ठेवलेले: इथे ब्रेक, इथे स्टिअरिंग, इथे आतली कड. पहिल्या फेऱ्यांत त्यांनी त्याला ॲक्सिलरेटरबद्दल एक शब्द सांगितला नाही. फक्त ब्रेक. सरळ रेषेत, जोरात, वळायच्या आधी. वळता वळता ब्रेक मारला की मागची चाकं हलकी होतात आणि गाडी फिरते. पंधरा मिनिटांनी पोरगा उतरला तेव्हा टी-शर्ट पाठीला चिकटला होता. “मामा, मला वाटायचं मला गाडी येते,” एवढंच म्हणाला.

मग माझी पाळी. चौथ्या फेरीत सरळ पट्ट्याच्या शेवटी कोन आला, मी ब्रेक दाबला आणि पाय गादीत रुतावा तसा पेडल खाली गेला. गाडी तशीच पळत होती. पोटात खड्डा पडला. दोन-तीनदा झपाझप पेडल मारलं तेव्हा कुठे ब्रेक पकडला. वळणाच्या तोंडाशी गाडी हळू झाली, हात बाहेर काढून मी पिटमध्ये आलो. चाकांतून जळका वास येत होता. मी सवयीने हँडब्रेक ओढायला गेलो तर ते गृहस्थ धावत आले, “नो, नो सर!” ब्रेक तापलेले असताना हँडब्रेक ओढून ठेवायचा नसतो. गाडी गिअरमध्ये टाकली, चाकाला दगड लावला.

ब्रेकचे पॅड ठीक होते. ब्रेक ऑइल उकळलं होतं. डॉट-४ प्रतीचं ब्रेक ऑइल ताजं असताना २३० अंशांच्या आत उकळत नाही, पण ते हवेतली ओल ओढत राहतं आणि पाणी मुरलं की १५५ पर्यंत उतरतं. उकळलं की नळीत वाफ होते. वाफ दबते, ब्रेक लागत नाही. ते दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. मी शेवटचं कधी बदललं तेच आठवेना.

संध्याकाळी श्रीपेरुंबुदूरच्या एका छोट्या गॅरेजात ऑइल काढायला बसलो. चाकाच्या निपलला, म्हणजे ब्रेक ऑइल बाहेर काढायच्या तोंडाला, पारदर्शक नळी, तिचं टोक बाटलीत. मेकॅनिक सांगेल तेव्हा भाचा आत बसून पेडल दाबायचा, सोडायचा. काळपट, फिल्टर कॉफीच्या रंगाचं ऑइल येत राहिलं, मधेमधे बुडबुडे. चौथ्या चाकापर्यंत पिवळसर स्वच्छ यायला लागलं.

भाचा उतरला, बाटली उचलून ट्यूबलाइटसमोर धरली.

“मामा, तू रोज ऑफिसमधून येताना नवले पुलाचा उतार यावरच उतरायचास?”

“हो.”

“आणि मी पण त्या रात्री हीच गाडी नेली होती.”

मेकॅनिकने त्याच्या हातातून बाटली घेतली आणि झाकण लावलं.