लेक्सिंग्टनचा एप्रिल आणि खेळाडूंची पारख

एप्रिल आला की अमेरिकेतल्या आमच्या लेक्सिंग्टनमध्ये दोन गोष्टींना ऊत येतो. कीनलँडला घोड्यांच्या शर्यती सुरू होतात, आणि केंटकी विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघात पुढच्या मोसमात कोण कोण असणार यावर गावभर खल चालतो. शर्यतींना लोक नटूनथटून जातात. खल करायला काहीच लागत नाही. केस कापायला बसलात तरी न्हावी आरशातून विचारतो, "तो डाव्या हाताचा पोरगा कसा वाटतो? बचाव जमेल त्याला?"

कॉलेजचा संघ म्हटलं की आपल्याकडे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आणि पत्र्याची शेड डोळ्यांपुढे येते. इथल्या रप अरीनात वीस हजारांवर माणसं बसतात आणि तिकिटासाठी वशिला शोधावा लागतो. आठ राष्ट्रीय विजेतेपदं, पहिलं १९४८चं, शेवटचं २०१२चं. राज्यात एनबीएचा संघ नाही, अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगचाही नाही. त्यामुळे सगळी माया या कॉलेजच्या पोरांवर.

ही पोरं आता चार वर्षं एका जागी टिकत नाहीत, त्याचं कारण ट्रान्सफर पोर्टल. २०१८च्या ऑक्टोबरात सुरू झालेली ही नुसती एक संगणकीय यादी आहे. खेळाडूनं नाव घातलं की दुसऱ्या विद्यापीठांचे कोच त्याच्याशी बोलू शकतात. पूर्वी कॉलेज बदललं की एक वर्ष बाकावर बसून काढावं लागे. २०२१मध्ये एका बदलापुरती ती शिक्षा गेली. मग कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि २०२४च्या एप्रिलपासून अभ्यास सांभाळला तर कितीही वेळा बदला, लगेच खेळा. त्यातच २०२१च्या जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिराती करायची मुभा मिळाली, आणि २०२५च्या जुलैपासून तर विद्यापीठं थेट पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षाची मर्यादा सगळे खेळ मिळून प्रत्येक विद्यापीठाला २ कोटी ५ लाख डॉलर. नाव घालायची मुदत २०२५मध्ये तीस दिवसांची होती, ती आता पंधरा दिवसांवर आणली आहे. म्हणजे अख्खा संघ उभा करायचा, तोही घाईत.

रणजी बघणाऱ्यांना हे फार वेगळं वाटू नये. पृथ्वी शॉ २०२५मध्ये मुंबईची एनओसी घेऊन महाराष्ट्राकडे आला. यशस्वी जयस्वालनं गोव्याला जायचं ठरवलं आणि नंतर विचार बदलला. अशी दोनशे-तीनशे नव्हे, हजारो नावं एका महिन्यात एनओसी मागतायत असं समजा. आणि इथं एनओसी कोणी अडवू शकत नाही.

मी पोटासाठी आकडेमोड करतो, त्यामुळे ऑफिसात एप्रिलमध्ये माझा भाव वधारतो. खरं सांगायचं तर मला बास्केटबॉल खेळता येत नाही, आणि इथं आलो तेव्हा नियमही माहीत नव्हते. पण हा मामला मला गावात रुजवून गेला, कारण प्रश्न माझ्या ओळखीचा होता: एका ठिकाणचा आकडा दुसऱ्या ठिकाणी किती चालतो?

२०२४ची गोष्ट याचा उत्तम धडा आहे. मार्चमध्ये राष्ट्रीय स्पर्धेत केंटकी पहिल्याच फेरीत ओकलंड नावाच्या लहानशा विद्यापीठाकडून हरलं. जॅक गोल्की नावाच्या पोरानं लांबून मारायचे, तीन-तीन गुणांचे दहा शॉट घातले. गावात सुतक. मग पंधरा वर्षं संघ सांभाळणारे जॉन कॅलिपारी आर्कान्सॉला निघून गेले आणि मार्क पोप आले. पोप १९९६च्या विजेत्या संघाचे कर्णधार. त्यांच्या ओळखीच्या कार्यक्रमालाच रप अरीना भरलं, चेंडू नसताना! गंमत म्हणजे पोप स्वतः वॉशिंग्टन विद्यापीठ सोडून इथं आलेले, आणि त्या काळच्या नियमाप्रमाणे एक वर्ष बसलेले.

त्यांच्या हातात काय आलं? शिष्यवृत्तीवरचा जुना एकही खेळाडू उरला नव्हता. काही आठवड्यांत त्यांनी पोर्टलमधून नऊ जण आणले. त्यातला कोबी ब्रे हा डेटन विद्यापीठाचा नेमबाज. त्या मोसमात तीनच्या शॉटमध्ये त्याची टक्केवारी ४९.८ होती, देशात सर्वांत जास्त. आमच्या ऑफिसात तर कपच जिंकल्यासारखा जल्लोष. मी मात्र नाक मुरडलं. कॉलेजच्या एका मोसमात एखादा पोरगा तीनचे दीडशे-दोनशे शॉट मारतो. ज्याची खरी कुवत ३६ टक्क्यांची आहे, तो दीडशे शॉटमध्ये नुसत्या नशिबानं कधी ३२ दाखवतो, कधी ४०. म्हणून मी आधी फ्री थ्रो, म्हणजे फाउल झाल्यावर मिळणारे मोकळे शॉट, बघतो. तिथं बचाव करणारा नसतो, पास वाईट आला ही सबब नसते. हात कसा आहे ते कळतं. मग दोन-तीन वर्षांची बेरीज. ब्रेचे आधीचेही आकडे भक्कम होते, म्हणजे पोरगा खराच, पण निम्मे शॉट जाणं काही दर वर्षी होत नाही. केंटकीत तो ४३ टक्क्यांच्या आसपास आला. तरीही उत्तमच. तक्रार त्यांनीच केली ज्यांनी पन्नास धरले होते.

गुणांच्या सरासरीवर माझा सगळ्यात कमी विश्वास. लहान लीगमधल्या कमकुवत संघात कोणाला तरी वीस गुण करावेच लागतात. शॉट कोणीतरी मारणारच ना. तो मोठ्या लीगमध्ये आला की त्याच्यापुढे दोन मीटर उंचीचे, तेवढेच चपळ बचावपटू उभे राहतात, आणि चेंडूही त्याच्या हातात निम्माच वेळ येतो. म्हणून केन पोमरॉय यांच्यासारखे आकडेवाले लोक समोरचा संघ किती तगडा होता हे धरून, शंभर पझेशनमागे, म्हणजे चेंडू शंभरदा ताब्यात आल्यावर, किती गुण झाले असा हिशेब मांडतात. रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या शॉटचा चेंडू पकडणं, मात्र बऱ्यापैकी टिकतात. चेंडू कुठं पडणार याचा अंदाज आणि तिथं धसमुसळेपणानं घुसायची तयारी, ही माणसाबरोबर प्रवास करते.

त्याचा नमुना म्हणजे अमारी विल्यम्स. इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमचा, फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेलमधून आलेला. त्याच्या लीगमध्ये तीनदा सर्वोत्तम बचावपटू ठरलेला, पण लीग लहान. कागदावर तो बास्केटखाली उभा राहणारा उंच गडी. पोप यांनी त्याला बाहेर आणून त्याच्या हातात चेंडू दिला आणि बाकीच्यांना त्याच्याभोवती धावायला लावलं. पास द्यायची त्याची हातोटी ड्रेक्सेलच्या व्हिडिओत दिसत होती म्हणे. मला आकड्यांत काही ती दिसली नाही. इथं कोचचा डोळा लागतो, हे मान्य.

डोळा म्हटल्यावर इथले जुने लोक कीनलँडचंच उदाहरण देतात. सप्टेंबरात तिथं वर्षा-दीड वर्षाच्या शिंगरांचा लिलाव होतो. घेणारा वंशावळ वाचतो, चाल बघतो, पण बोली लावण्याआधी पशुवैद्याकडून पायांचे एक्स-रे तपासून घेतो. पोरांच्या बाबतीत मात्र चाहते एक्स-रेच विसरतात. त्या वर्षी केर क्रीसाचा पाय डिसेंबरात गेला, जॅक्सन रॉबिन्सनचं मनगट फेब्रुवारी-मार्चात, लमाँट बटलरचा खांदा पुन्हा पुन्हा दुखावत राहिला, अँड्र्यू कारची पाठ धरली. राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या सोळांपर्यंत पोचून संघ टेनेसीकडून ७८-६५ हरला, ज्या टेनेसीला मोसमात दोनदा हरवलं होतं. पुढच्या वर्षी जेडन क्वेंटन्सला घेतलं, तेव्हा त्याच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली होती. मी असतो तर एवढी जोखीम घेतली नसती. न्हावी असता तर त्यानं दोन घेतले असते.

आई फोनवर एकच विचारते, "अरे पण त्यांच्या शिक्षणाचं काय?" प्रश्न बावळट नाही. कॉलेजच्या खेळांचा कारभार बघणाऱ्या एनसीएएच्या नियमात तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला पदवीचा ४० टक्के अभ्यास पूर्ण लागतो, चौथ्याला ६०, पाचव्याला ८०. कॉलेज बदललं की जुने क्रेडिट नवीन विद्यापीठ सगळे धरेलच असं नाही. ज्यांनी इंजिनिअरिंगला कॉलेज बदलून 'इक्विव्हॅलन्स'च्या खिडकीसमोर दिवस काढलेत, त्यांना मी जास्त काय सांगणार. कोचच्या मनात भरलेला खेळाडू इथं मार्कशीटवर अडू शकतो.

आणि व्हिसा. मी आलो तो एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर, सेमिस्टर चालू असताना आठवड्याला वीस तास कॅम्पसवर काम, त्यापलीकडे काही नाही. बहुतेक परदेशी खेळाडूही त्याच व्हिसावर असतात. त्यामुळे शेजारचा अमेरिकन पोरगा गाडीच्या शोरूमची जाहिरात करून पैसे कमावतो आणि हा बघत बसतो. काँगोहून आलेला केंटकीचा ऑस्कर चिब्वे २०२२मध्ये देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरला. त्याच ऑगस्टात संघ बहामाजला गेला तेव्हा त्यानं तिथं जाहिरातींचं काम उरकून घेतलं, कारण ते अमेरिकेबाहेर होतं. हे वाचलं तेव्हा तो मला एकदम आपल्यातला वाटला. फॉर्मच्या बारीक अक्षरांत फट शोधणारा.

राहता राहिला ओटेगा ओवे. ओक्लाहोमात त्याची सरासरी अकराच्या आसपास होती, आमच्या यादीत तो मधेच कुठेतरी. केंटकीत त्यानं सामन्यामागे १६.२ गुण केले, संघात सर्वांत जास्त. कुठल्याच तक्त्यात हे नव्हतं. पोप यांच्या वेगवान खेळात त्याला बास्केटकडे धावत सुटायला मोकळी जागा मिळाली. त्याच वर्षी ओक्लाहोमा नेमकं केंटकीच्या लीगमध्ये, एसईसीत, दाखल झालं. फेब्रुवारीत नॉर्मनला, जुन्या घरच्या मैदानावर, केंटकीचे शेवटचे अठरा गुण एकट्या ओवेनं केले आणि सामना ८३-८२ जिंकला. पंधरा दिवसांनी नॅशव्हिलला लीगच्या स्पर्धेत पुन्हा तीच गाठ, शेवटच्या क्षणी पुन्हा ओवेच, ८५-८४. आमच्या ऑफिसात ओक्लाहोमात शिकलेला एक जण आहे. पोर्टलच्या गप्पा सुरू झाल्या की तो हल्ली कॉफी आणायला जातो.