निर्वासितांचा निवारा : आधी जमीन, मग छत

माझा पुतण्या छत्रपती संभाजीनगरला वास्तुशास्त्र शिकतो. यंदा त्याला महाविद्यालयात ‘युद्धामुळे विस्थापित झालेल्या कुटुंबासाठी निवारा’ हा विषय मिळाला आणि दिवाळीच्या सुट्टीत तो लातूरला आला तो आराखड्यांची गुंडाळी घेऊनच. घडी घालून ट्रकमध्ये बसणारे छत, दोन माणसांनी तासाभरात उभी करायची चौकट, भिंतीत हवेसाठी झरोके, असे सगळे त्याने मन लावून काढले होते. किल्लारीच्या भूकंपानंतर मी नवखा कनिष्ठ अभियंता म्हणून पुनर्वसनाच्या कामावर होतो, त्यामुळे त्याला माझे मत हवे होते. मी विचारले, “हे उभे करायचे त्या जमिनीचा मालक कोण?” तो म्हणाला, “काका, ते आम्हाला दिलेलं नाही. जागा मोकळी आहे असं धरायचं.” या गृहीतकावरून आमचे जे बोलणे रात्री उशिरापर्यंत चालले, त्यातले बरेचसे इथे लिहून ठेवतो आहे.

या क्षेत्रातल्या संस्थांनी आणि रेड क्रॉस चळवळीने १९९७ पासून ‘स्फिअर’ नावाची किमान मानके ठरवत आणली आहेत. त्यांनुसार दर माणशी निदान साडेतीन चौरस मीटर आच्छादित जागा हवी. म्हणजे पाच जणांच्या कुटुंबाला साडेसतरा चौरस मीटर, आपल्या हिशेबाने १८८ चौरस फूट. उष्ण प्रदेशात छत सर्वांत उंच जागी किमान २.६ मीटर असावे, माणशी रोज किमान १५ लिटर पाणी मिळावे, आणि वस्ती स्थिरावली की वीस माणसांमागे एक शौचालय असावे. हे आकडे पुतण्याला पाठ होते. मात्र त्याच पुस्तकातला आणखी एक आकडा विद्यार्थी वाचतात आणि पुढे जातात : रस्ते, शौचालये, शाळा, दवाखाना आणि मोकळी जागा धरून छावणीला माणशी ४५ चौरस मीटर जमीन लागते. छताखालच्या जागेच्या ती जवळजवळ तेरापट झाली. वीस हजार लोकांच्या छावणीसाठी ९० हेक्टर, म्हणजे सव्वादोनशे एकरांच्या आसपास जमीन पाहिजे. शेजारच्या देशात, सीमेच्या आत, पाण्याजवळ, रस्त्याला लागून आणि कोणाच्याही पेऱ्यात नसलेली सव्वादोनशे एकर जमीन कोण देणार, हा खरा आराखडा आहे. त्यावर कोणी गुण देत नाही, हे वेगळे.

किल्लारीत आमच्याकडे ही अडचण नव्हती, आणि ती नव्हती याची जाणीव मला फार उशिरा, निवृत्तीनंतरच्या वाचनात झाली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, आदल्या दिवशीचे गणेश विसर्जन आटोपून लोक गाढ झोपेत असताना, दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवरची मातीची जड माळवदे माणसांवर कोसळली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव, जिल्ह्यांतली ५२ गावे पूर्णपणे दुसरीकडे वसवावी लागली. लोक उघड्यावर आले तरी ते आपल्याच शिवारात होते. तलाठ्याच्या दप्तरात त्यांची नावे होती, सरकार त्यांना आपले म्हणत होते, जागतिक बँकेचे कर्ज आणि देशभरातून आलेल्या संस्था त्यांच्यासाठीच होत्या. नव्या गावठाणासाठी जमीन संपादित करताना तंटे झाले, रुसवेफुगवे झाले, परंतु ‘तुम्ही इथे राहायचेच नाही’ असे त्यांना कोणी म्हटले नाही.

पक्की घरे होईपर्यंत लोकांनी पत्र्याच्या शेडमध्ये दिवस काढले, आणि त्या शेडनी मला निवाऱ्याबद्दल जे शिकवले ते अभ्यासक्रमात नव्हते. पावसाळ्यात ती शेड बरी होती. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी आत कोणी थांबत नसे. लोक पत्र्यावर कडबा, पाचट, जुनी पोती टाकून वरून पाणी मारत. आराखड्यात न्हाणी नव्हती, म्हणून बायकांनी शेडच्या मागे चार काठ्या रोवून, लुगडी आणि तट्टे बांधून न्हाण्या केल्या. जनावरांना जागा नव्हती, म्हणून दोन शेडमधल्या बोळात गाय आली आणि रस्ता बंद झाला. ज्यांचे घर गेले त्यांना छताइतकीच आडोशाची, दावणीची, चुलीची आणि बसायला ओसरीची गरज असते, आणि ती ते मिळेल त्या वस्तूने भागवतात. त्यामुळे मी पुतण्याला एवढेच सुचवले की भिंत कुठे संपते ते जरूर दाखव, परंतु भिंतीपुढची दहा फूट जागा कोऱ्या कागदासारखी सोडू नकोस.

पुढे पक्की घरे झाली तीही जमिनीच्या हिशेबाने. भूमिहीन आणि अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, त्यावरच्यांना ४०० आणि सात हेक्टरांहून अधिक जमीन असणाऱ्यांना ७५० चौरस फूट. सातबाऱ्यावर जेवढे शेत, तेवढे घर. याच्या न्याय्यतेवर तेव्हाही वाद होता आणि माझे मत आजही प्रतिकूलच आहे. नवी गावे चौकटीच्या वहीसारखी आखली गेली. रस्ते रुंद झाले, वेस आणि पार गेले, भावकी विखुरली. काही वर्षांतच लोकांनी पुढे पडव्या काढल्या आणि मागे गोठे घातले. दुसरीकडे ज्या गावांची हानी तुलनेने कमी होती, तिथे लाखाहून अधिक घरांची दुरुस्ती आणि बळकटीकरण घरमालकांनी स्वतः, सरकारी अनुदानावर आणि अभियंत्यांच्या देखरेखीखाली केले. त्या कामाची छायाचित्रे फारशी निघाली नाहीत, परंतु माझ्या मते संपूर्ण कार्यक्रमातले तेच सर्वांत सरस काम होते.

युद्धाने विस्थापित झालेल्या माणसाजवळ यातले काहीच नसते. परक्या देशात तो पाहुणाही नसतो आणि रहिवासीही नसतो. ज्या सरकारने त्याला आत घेतले, त्याला तो लवकर परत जावा असे वाटत असते, आणि ही इच्छा बांधकामाच्या नियमांत उतरते. ऑगस्ट २०१७ नंतर म्यानमारमधल्या लष्करी अत्याचारांमुळे सात लाखांहून अधिक रोहिंग्या काही महिन्यांत बांगलादेशातल्या कॉक्स बाजार जिल्ह्यात आले. तिथे घरे बांबूची आणि ताडपत्रीची. विटा आणि सिमेंटने पक्के घर बांधायला परवानगी नाही, कारण पक्के घर म्हणजे कायमचा मुक्काम. बांबू जमिनीत पुरला की वाळवी आणि भुंगेरे तो पोखरतात, आणि दर पावसाळ्यापूर्वी तीच झोपडी पुन्हा बांधावी लागते. मग मदतसंस्थांनी कीड लागू नये म्हणून बांबूवर बोरॅक्स या क्षाराची प्रक्रिया करणारी केंद्रे उभारली आणि खांब मातीपासून वर राहावेत म्हणून पायाशी छोट्या बैठका दिल्या. परवानगीच्या मर्यादेत राहून घराचे आयुष्य काही वर्षांनी वाढवणे, हे तिथल्या अभियंत्याचे कौशल्य. लेबनॉनमध्ये २०१९ साली आर्साल या सीमेवरच्या गावातल्या सिरियन निर्वासितांना काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या भिंती पाडायला लावल्या गेल्या आणि लाकूड व प्लास्टिकवरच भागवायला सांगण्यात आले. तिथे हिवाळ्यात बर्फ पडते.

जमीन अपुरी पडली की पुढचा धोका आगीचा. मानके सांगतात की दर ३०० मीटर वस्तीमागे ३० मीटर रुंदीचा मोकळा पट्टा सोडावा आणि दोन झोपड्यांत निदान दोन मीटर, आणि शक्यतो उंचीच्या दुप्पट अंतर ठेवावे. कॉक्स बाजारच्या टेकड्यांवर माणशी जागा ४५ चौरस मीटरच्या निम्मीही नाही, मग पट्टा कुठला सोडणार? २२ मार्च २०२१ रोजी लागलेल्या आगीत सुमारे ४५,००० माणसे एका दिवसात पुन्हा बेघर झाली. छावणीभोवतीच्या काटेरी तारांमुळे कित्येकांना बाहेर पडता आले नाही, असे वाचलेल्यांनी सांगितले. बांबूला दोष देऊन हा प्रश्न सुटत नाही.

उलट टोकाचे उदाहरण जॉर्डनचे आहे. जुलै २०१२ मध्ये सिरियन निर्वासितांसाठी झातारीची छावणी घाईघाईने, तंबूंनी सुरू झाली आणि एके काळी तिथे लाखाहून अधिक लोक होते. पुढे तंबूंच्या जागी आखाती देशांच्या देणग्यांतून आलेल्या पत्र्याच्या खोल्या आल्या. लोकांनी त्या चाकांच्या गाड्यांवर चढवून नातेवाइकांजवळ नेल्या, दोन खोल्या समोरासमोर ठेवून मध्ये अंगण केले, मुख्य रस्त्यावर दुकाने थाटली. हे सगळे बेशिस्त वाटल्यामुळे अझराकची छावणी २०१४ साली नीट आखून, सरळ रांगांत उभारली गेली. सोयी चांगल्या असूनही तिथे जायला लोक नाखूश होते. हे वाचताना मला आपली चौकटीची गावे आठवली, आणि झातारीतल्या लोकांनी अभियंत्यांना विचारले नाही हे बरेच झाले असेही वाटले.

साहित्य निवडताना ते कोणाच्या आणि कशाच्या उपयोगाचे आहे, याचाही विचार करावा लागतो. १९९४ नंतर रवांडातल्या निर्वासितांना प्लास्टिकच्या कापडाबरोबर अ‍ॅल्युमिनियमचे खांब दिले गेले. लोकांनी खांब विकले आणि त्यांच्या जागी झाडे तोडून लावली, कारण पोटाची गरज छताच्या गरजेहून तातडीची होती. त्यावर जपानी वास्तुविशारद शिगेरू बान यांनी विक्रीला किंमत न येणाऱ्या कागदी नळ्यांचे खांब सुचवले. गाझात धातूच्या खांबांची दुसरी कथा झाली : तिथे दहातले नऊ जण विस्थापित झाले असताना, तंबूचे धातूचे खांब लष्करी उपयोगाचे ठरू शकतात म्हणून अडवले गेल्याच्या तक्रारी मदतसंस्थांनी वारंवार केल्या. पुतण्याच्या चौकटीतही अ‍ॅल्युमिनियमच होते.

आपल्याकडच्या लोकांना तात्पुरत्या निवाऱ्याचे ज्ञान नाही असे मुळीच नाही. बीड आणि धाराशिवकडची ऊसतोड कामगारांची टोळी दिवाळीच्या सुमारास कारखान्यावर पोचते आणि बांबू, चटया, ताडपत्री घेऊन संध्याकाळपर्यंत कोप्यांची वस्ती उभी करते. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेच्या संचात जे चार बाय पाच मीटरचे मेणकापड असते, त्याचा उपयोग या बायामाणसांना कोणी शिकवावा लागणार नाही. मात्र हंगाम संपला की कोपी मोडून घरी जाता येते. केन्यातल्या दादाबच्या छावण्या १९९१ साली सोमालियातल्या यादवीमुळे सुरू झाल्या आणि तिथे जन्मलेली मुले आज आईबाप झाली आहेत. सहा महिन्यांच्या निवाऱ्यात तीस वर्षे काढायची, तर त्याला निवारा म्हणायचे की काय म्हणायचे, याचे उत्तर कोणत्याही मानकात नाही.

छावणी हाच एकमेव मार्ग आहे, हा समज बहुधा बातम्यांतल्या तंबूंच्या छायाचित्रांमुळे पक्का झाला असावा. प्रत्यक्षात युद्धाने घर सोडलेल्यांपैकी बहुसंख्य लोक स्वतःच्याच देशात, आणि त्यातही नातेवाइकांकडे, भाड्याच्या खोलीत, शाळेत किंवा अर्धवट बांधलेल्या इमारतीत राहतात. २०२४ च्या अखेरीस जगात १२ कोटींहून अधिक माणसे जबरीने विस्थापित झालेली होती, त्यांतली सात कोटींहून अधिक आपल्याच देशाच्या सीमेत होती. मराठवाड्याला हे सांगायला नको. रझाकारांच्या काळात, १९४७-४८ साली, आमच्या आजीच्या माहेरची माणसे निजामाच्या हद्दीतून निघून बार्शीला गेली. तिथे त्यांना कोणी तंबू दिला नाही. एका दूरच्या नात्यातल्या घराची माडी मिळाली आणि बाकीचे धर्मशाळेत राहिले. सप्टेंबर १९४८ मधल्या पोलीस कारवाईनंतर जे उलट दिशेचे अत्याचार झाले, त्यांत उस्मानाबाद आणि नांदेड जिल्ह्यांतली मुसलमान कुटुंबेही गावे सोडून गेली. तीही कोणाच्या तरी ओसरीवरच राहिली असणार, आणि त्यांच्याविषयी आमच्या घरात कोणी बोलत नसे.

ज्या घरांनी असे लोक ठेवून घेतले, त्यांना आधार देणे हे तंबू वाटण्यापेक्षा स्वस्त आणि माणुसकीचे काम आहे. लेबनॉनमध्ये नॉर्वेजियन रेफ्युजी कौन्सिलने अर्धवट इमारतींच्या मालकांना दारे, खिडक्या आणि नळ पूर्ण करायला पैसे दिले, आणि त्या बदल्यात मालकांनी सिरियन कुटुंबाला ठराविक मुदत बिनभाड्याने ठेवायचे असा करार केला. स्थानिक माणसाची मालमत्ता सुधारते, म्हणून त्याचा रोष कमी होतो. युक्रेनमध्ये २०२२ नंतर फुटलेल्या खिडक्यांसाठी फळ्या, प्लास्टिक आणि खिळे यांचे संच दिले गेले, म्हणजे ज्यांना शक्य आहे त्यांना घर सोडावेच लागू नये. निर्वासितांना जागा दिल्याचे उदाहरण आपल्याकडच्या एका संस्थानातही आहे. १९४३ साली कोल्हापूरजवळ वळिवडे इथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांसाठी बराकी, शाळा आणि प्रार्थनामंदिर उभे राहिले. ते लोक १९४८ पर्यंत राहिले आणि फाळणीनंतर त्याच जागी सिंधी निर्वासित वसले. आजचे कापडाच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेले गांधीनगर ते हेच. एकदा जमीन मिळाली आणि राहू दिले, की पुढचे लोक स्वतः करतात.

शेवटी कागदांचा मुद्दा राहतो. आमच्याकडे सातबारा होता म्हणून घर मिळाले. सिरियात २०१८ च्या दहाव्या क्रमांकाच्या कायद्याने पुनर्विकासाच्या भागांतल्या मालकांना आपली मालकी सिद्ध करायला सुरुवातीला अवघे ३० दिवस दिले होते, पुढे ती मुदत वर्षापर्यंत वाढवली गेली. ज्याचे खरेदीखत ढिगाऱ्याखाली आहे आणि जो स्वतः परदेशातल्या छावणीत आहे, त्याने तेवढ्या मुदतीत काय सादर करावे? त्यामुळे विस्थापितांची नोंदणी करणाऱ्याने नाव आणि कुटुंबसंख्येबरोबर मागे सोडलेल्या घराचा पत्ता, चतुःसीमा आणि शेजाऱ्यांची नावे पहिल्याच दिवशी लिहून घ्यावीत, असे माझे मत आहे. पुतण्या म्हणाला की हे वास्तुशास्त्रात बसत नाही. मी त्याला सांगितले की भिंतीत खांद्याच्या उंचीवर, पाऊस लागणार नाही अशी, कुलूप लावता येणारी एक पेटी दाखव. एवढे तर नक्की बसते. ती त्याने दुसऱ्या दिवशी काढली, आणि जमिनीच्या मालकाचा रकाना मात्र अजून रिकामाच आहे, असे त्याने परवा फोनवर सांगितले.