मीठ गोठू द्यायचं नाही

स्पेनमध्ये सेव्हिल प्रांतातल्या फुएन्तेस दे आंदालुसिया गावाजवळचा खेमासोलार सौरप्रकल्प २०११ साली सुरू झाला. १४० मीटर उंच मनोरा, त्याभोवती सूर्यामागे फिरणारे २,६५० आरसे, क्षमता १९.९ मेगावॅट. आकडा लहान वाटेल, पण ऊन नसताना १५ तास टर्बाइन चालेल एवढी उष्णता इथे साठते. खरी कमाल तीच.

साठवण मिठात होते. जेवणातलं मीठ नव्हे. ६० टक्के सोडियम नायट्रेट, ४० टक्के पोटॅशियम नायट्रेट. ‘थंड’ टाकीतलं मीठही २९० अंश सेल्सिअसचं असतं! पंप ते मनोऱ्यावर चढवतो. तिथे टोकाशी रिसीव्हर असतो, म्हणजे आरशांनी फेकलेलं ऊन झेलणारा नळ्यांचा संच; त्या नळ्यांत ते ५६५ अंशांपर्यंत तापतं आणि गरम टाकीत उतरतं. वीज हवी तेव्हा त्याच्यावर वाफ करायची.

अडचण अशी, की सुमारे २४० अंशांखाली हे मिश्रण गोठू लागतं. म्हणून ऊन गेलं की रिसीव्हर रिकामा करतात. सकाळी आधी मोजकेच आरसे वळवून रिकाम्या नळ्या शेकायच्या, मगच मीठ सोडायचं; गार नळीत सोडलं तर तिथेच बसलं. खालच्या पाइपांना आणि व्हॉल्व्हना विजेवर तापणाऱ्या तारा गुंडाळलेल्या असतात. एखादी तार बंद पडली, तर त्या जागी गोळा धरतो. तो मधल्या भागापासून तापवायला घेणं धोक्याचं. वितळताना मीठ फुगतं, दोन्ही बाजूंना वाट नसली तर पाइप फाटतो. मोकळ्या टोकाकडून सुरुवात करून हळूहळू आत तापवत जायचं.