निवट्यांचे फोटो काढायला पहाटे साडेपाचला

रविवारी उठल्या उठल्या मी कॅमेऱ्याची बॅग बाल्कनीत नेऊन ठेवते आणि मगच चहा टाकते. सिंगापूरला आल्यावर हे आधी शिकले. एसीच्या खोलीतली लेन्स तशीच बाहेरच्या दमट हवेत काढली की काचेवर वाफ धरते. पुसली तरी पुन्हा धरते. तोवर पक्षी उडालेला असतो. म्हणून अर्धा तास बॅग बंद ठेवूनच तिला बाहेरची हवा लागू द्यायची. विषुववृत्त इतकं जवळ की बारा महिने सूर्य सातच्या आसपासच उगवतो आणि नऊला ऊन पांढरंफटक होतं. फोटोसाठी मिळतात ते जेमतेम दोन तास.

मी सुरुवात पक्ष्यांपासून केली. आमच्या घराजवळच्या पासिर रिस पार्कात धनेश दिसतात. गावी त्यांच्यासाठी जंगल तुडवावं लागलं असतं. इथे ते इमारतीच्या कठड्यावर बसलेले असतात. वर्षभर मान वर करूनच फिरले. या पार्कात सुमारे ६ हेक्टर खारफुटी आहे आणि तिच्यातून लाकडी फळ्यांची वाट जाते. एकदा ओहोटीच्या वेळी त्या वाटेवर वाकले आणि खाली चिखलात दोन डोळे माझ्याकडे बघत होते. निवटी! खाडीच्या चिखलात राहणारा मासा.

मी उरणकडची. निवट्या मला टोपात माहीत. लाल रश्शात, चिंच टाकून. बाबा खाडीतून आणायचे तेव्हा त्या टोपलीत वळवळत असायच्या, पण मी कधी धड पाहिल्या नाहीत. इथे पहिल्यांदा अर्धा तास एकाच निवटीसमोर बसले.

काय देखणा जीव आहे! मासा असून चिखलावर चालतो, छातीचे पर कुबड्यांसारखे टेकवत. कल्ल्यांच्या पोकळीत पाणी धरून ठेवतो आणि ओल्या त्वचेतून, तोंडाच्या आतल्या पडद्यातूनही श्वास घेतो. कातडी सुकू लागली की कुशीवर लोळण घेतो. डोळे कोरडे पडले की खोबणीत आत ओढून ओले करून पुन्हा वर काढतो. हे इतकं झटकन होतं की मला ते आधी कॅमेऱ्याच्या पडद्यावरच कळलं. इथली राक्षसी निवटी वीतभराहूनही मोठी होते, बिळाच्या तोंडाशी चिखलाचा बांध घालून स्वतःची डबकी राखते आणि खेकडे खाते. सुंगेई बुलोह या इथल्याच दुसऱ्या खारफुटीत निळ्या ठिपक्यांची निवटी आहे, ती आपल्याकडच्या निवटीच्या जवळची. मान डावी-उजवीकडे हलवत ती चिखलावरचं शेवाळ खरवडून खाते. विणीच्या दिवसांत नर पाठीचा पर पंख्यासारखा उभारून हवेत उडी मारतो. त्या उडीसाठी शटर सेकंदाच्या १/२००० वर ठेवून मी तीन रविवार फळ्यांवर पालथी पडून होते. चौथ्या रविवारी मिळाला फोटो.

खरी अडचण वेळेची आहे. ओहोटी आणि सकाळचं ऊन एकत्र आले तरच काम होतं. बाबा तिथीवरून सांगायचे, ‘तिथीला तीननं गुण, चारनं भाग, भरतीची वेळ मिळेल.’ अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती, पुनवेला-अवसेला उधाण. इथला समुद्र वेगळा आहे, तो गुणाकार जुळत नाही, म्हणून मी भरतीचं छापील कोष्टक बघते. पण अवस आली की मनात आधी उधाणच येतं.

गेल्या वर्षी आई आली होती. तिला मुद्दाम त्या फळ्यांवर नेलं. ती कठड्याला धरून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “केवरी मोठी गो! यांना कोनी पकरत नाय?” नाही पकडत, म्हटलं. सुंगेई बुलोह १९९३ साली उद्यान म्हणून खुलं झालं, २००२ मध्ये राखीव पाणथळ झालं. तिथे चिखलाच्या पट्ट्यालासुद्धा पहारा आहे. जमिनीची एवढी टंचाई असलेल्या या शहराने हा चिखल ठेवला, याचं मला फार मोल वाटतं. आमच्याकडे भराव पडत गेला. मी ज्या बांधावर खेळले त्याच्या पलीकडे आज खाडी नाही, डंपरचा रस्ता आहे. तिथल्या निवट्यांचा माझ्याकडे एकही फोटो नाही, आणि ते मला लागून राहिलंय.

उडीचा फोटो त्या रात्री बाबांना पाठवला. लगेच फोन आला. फोटो कसा आला ते त्यांनी विचारलंच नाही. बिळाला तोंडं किती, बाहेर ओल्या रेघा होत्या का, हेच विचारत राहिले. मग सांगू लागले, बिळाला दोन तोंडं असली की एकावर पाय ठेवायचा, दुसऱ्यात खांद्यापर्यंत हात घालायचा आणि बोटांना गार, गुळगुळीत काही लागलं की श्वास रोखायचा. मी वही काढून लिहून घेतलं. डिसेंबरात गावी जाते आहे. करंजाकडे अजून थोडा चिखल उरलाय म्हणतात, आणि बाबा सोबत येणार आहेत.