बागेतल्या पोरांना शाळेत घ्यावंच लागतं काय?

आमची पावसच्या बाजूला हापूसची बाग आहे आणि मी गावच्या शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. त्यामुळे दिवाळीनंतर राखणीला नेपाळी आले, की कोणी ना कोणी बागायतदार विचारतोच, "वहिनी, ह्यांच्या पोरांना आपल्या शाळेत घ्यावंच लागतं काय? दाखला नाही, आधार नाही, पाऊस लागला की चालले!"

घ्यावंच लागतं. विषय तिथेच संपायला हवा, पण संपत नाही.

तीन वर्षांपूर्वी आमच्याच बागेतल्या नेपाळी राखणदाराचा नऊ वर्षांचा पोरगा दिवसभर डबा बडवत वांदर हाकलायचा. त्याला घेऊन शाळेत गेले, तर गुरुजी म्हणाले, "जन्माचा दाखला आणा, मग बघू." मी घरी येऊन कायदाच काढून वाचला. शिक्षण हक्काचा हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्यात बालक म्हणजे ६ ते १४ वर्षांचं मूल, बस्स. भारताचं नागरिक असावं असं कुठे लिहिलेलं नाही. कलम १४ सांगतं, वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येणार नाही. कलम १५ प्रमाणे वर्षाच्या मधेच आलं म्हणूनही नाही. आणि कलम ४ प्रमाणे त्याला वयाच्या वर्गात बसवायचं. मागे पडत असेल तर वेगळं शिकवायचं ते शाळेने. नऊ वर्षांच्या घोड्याला पहिलीत कोंबायचं नाही.

मी हे वाचून दाखवल्यावर गुरुजी हसले. म्हणाले, "बाई, कायदा मला पाठ आहे. पण संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवतात त्यात, आधार जुळलेलीच मुलं धरतात. ह्याला घेतला तरी कागदावर माझा पट वाढत नाही." खरं दुखणं हे होतं. पट कमी म्हणून शिक्षक जायची भीती एका बाजूला, आणि दारात आलेलं मूल हिशेबात नाही म्हणून नकोसं. गुरुजींचा राग येता येता राहिला. पण ही अडचण शाळेची आणि खात्याची, त्यात पोराने का भरडावं? बागायतदारांनाही एक सांगते, राग येईल तर येवो: पोरगं शाळेत गेलं की वांदर हाकलायला फुकटचा माणूस कमी होतो, म्हणून तर काहींना कायद्याची एवढी शंका येते.

शेवटी बापाने वयाचं लिहून दिलं, अंगठा केला, आणि पोरगा चौथीत बसला. अक्षरं त्याला येत होती, नेपाळीची लिपी आपलीच. अडला फक्त 'ळ' ला. ते अक्षर त्याच्या भाषेत नाही म्हणे. केळं, नारळ, फळा, सगळीकडे थांबायचा.

मे अखेरीस पोरगा निघताना गुरुजींनी आपणहून दाखला लिहिला. पोराने तो माझ्यासमोर मोठ्याने वाचला. "जिल्हा परिषद प्राथमिक" इथपर्यंत सरळ आला, मग थांबला, जीभ वळवली आणि म्हणाला, "शाळा."