लिलाव जिंकला, पण जनरेटर हातात येईना

अमेरिकी लष्कराने मोडीत काढलेला डिझेल जनरेटर घरासाठी घ्यायचा विचार असेल, तर आधी एका फॉर्मबद्दल वाचा. यंत्राबद्दल माझी काहीही तक्रार नाही. माझा राग ‘एंड यूज सर्टिफिकेट’ नावाच्या कागदावर, म्हणजे वस्तू कोण आणि कशासाठी वापरणार हे लिहून द्यायच्या फॉर्मवर आहे आणि तो अजून उतरलेला नाही.

आम्ही ह्यूस्टनला राहतो. फेब्रुवारी 2021 च्या थंडीत टेक्सासमधल्या 45 लाखांहून जास्त घरांची वीज गेली, त्यात आमचंही घर होतं. मी लोडशेडिंगमध्ये वाढलोय, वीज जाण्याची मला भीती नाही. पण इथे नळांतलं पाणी गोठलं आणि सासूबाईंचं नेब्युलायझर बंद पडलं, तेव्हाच ठरवलं. दुकानातले बहुतेक छोटे पेट्रोल जनरेटर 3600 आरपीएमवर (मिनिटाला फेरे) किंचाळत चालतात. मला हवा होता एमईपी-803ए नावाचा लष्करी डिझेल जनरेटर: 10 किलोवॅट, चार सिलिंडरचं ओनान इंजिन, 1800 आरपीएम. दिवसरात्र चालायलाच बनवलेला.

लिलाव ऑनलाइन होता. बोली लावली, जिंकलो, पूर्ण पैसे भरले. इथवर काहीच अडलं नाही.

मग तो फॉर्म आला. लष्करी माल चुकीच्या हातांत किंवा देशाबाहेर जाऊ नये म्हणून खरेदीदाराची तपासणी होते. हेतू योग्यच आहे, त्याबद्दल माझं दुमत नाही. नाव, जन्मतारीख, नागरिकत्व, वस्तू कुठे ठेवणार, कशासाठी वापरणार, निर्यात करणार का, असं सगळं भरून पाठवलं आणि वाट बघत बसलो. आठवडे गेले. मग फॉर्म परत आला: नाव जुळत नाही.

आपल्या नावांची रीत तुम्हाला माहीत आहे. माझ्या नागरिकत्वाच्या दाखल्यावर स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव अशी तिन्ही पूर्ण आहेत. ड्रायव्हिंग लायसन्सवर वडिलांच्या नावाचं फक्त आद्याक्षर आहे. लिलावाच्या खात्यात मधल्या नावाचा रकानाच नव्हता. तिन्ही ठिकाणी माणूस तोच, पत्ता तोच. तरी फॉर्म पुन्हा पहिल्यापासून भरायचा आणि रांगेत पुन्हा शेवटी उभं राहायचं. एक फोन करून विचारलं असतं, तर पाच मिनिटांत मिटलं असतं!

त्याहून जास्त चीड आली ती विचारायला कोणी नसल्याची. लिलाव कंपनीला फोन केला की “फाइल सरकारकडे आहे” एवढंच उत्तर. सरकारी बाजूचं कोणी खरेदीदाराशी थेट बोलायला तयार नाही. दुसऱ्यांदा फॉर्म परत आला तो वापराच्या रकान्यावरून. मी ‘वैयक्तिक वापर’ लिहिलं होतं, ते त्यांना अपुरं वाटलं. मग अमुक पत्त्यावरच्या राहत्या घरात, वीज गेल्यावर पर्यायी पुरवठ्यासाठी, विकणार नाही, देशाबाहेर नेणार नाही, असं सविस्तर लिहून दिलं. जून लागला, वादळांचा मोसम सुरू झाला, माझे पैसे अडकलेले आणि जनरेटर कुंपणाआड उन्हात उभा.

शेवटी मंजुरी आली आणि लगेच तंबी: ठरावीक मुदतीत उचला, नाहीतर दंड. त्यांना हवा तेवढा वेळ, आम्हाला मात्र कामाचे मोजके दिवस! मंडळातल्या एका मित्राने पिकअप ट्रक दिला, ट्रेलर भाड्याने घेतला. हे धूड 530 किलोंच्या वर भरतं. उघडाच ट्रेलर न्या, बंद ट्रेलरमध्ये फोर्कलिफ्टने चढवणं अवघड. आणि घरी उतरवायचं कसं, तेही आधीच ठरवून ठेवा.

म्हणून बोली लावण्याआधी खात्यातलं नाव नागरिकत्वाच्या कागदाशी अक्षरन् अक्षर जुळवून घ्या. लॉटच्या (लिलावातल्या वस्तूच्या) वर्णनात हे सर्टिफिकेट लागेल असं लिहिलंय का, ते बघा. एवढी वाट पाहायची नसेल, तर कागदपत्रं पूर्ण करून माल विकणारे व्यापारी आहेत. जास्त पैसे घेतात, पण तो मार्ग मला आता महाग वाटत नाही.

घरी आल्यावर तेल, सगळे फिल्टर, कूलंट आणि डिझेलच्या जुन्या नळ्या बदलल्या. 12 व्होल्टच्या दोन नव्या बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडल्या, कारण स्टार्टर 24 व्होल्टचा आहे. लष्कराची मॅन्युअल इंटरनेटवर मिळतात, अक्षरशः बोल्टगणिक माहिती आहे. व्होल्टेज निवडायचा स्विच 120/240 सिंगल फेजवर ठेवा. घराच्या पॅनलशी जोडणी परवाना असलेल्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. आमच्या घरी ट्रान्सफर स्विच (घराची वीज ग्रिडवरून जनरेटरवर वळवणारा) न्यूट्रल तोडत नाही, म्हणून त्याने जनरेटरमधली न्यूट्रल-अर्थ जोडपट्टी काढली. हे तुमच्या इलेक्ट्रिशियनला आवर्जून सांगा, कारण घरगुती कामं करणाऱ्यांनी हे मशीन सहसा पाहिलेलं नसतं.

जुलै 2024 मध्ये बेरिल वादळाने आमच्या भागातल्या 20 लाखांहून जास्त ग्राहकांची वीज घालवली. आमच्याकडे फ्रिज, पंखे, एक एसी आणि नेब्युलायझर सगळं चालू होतं. शेजारच्यांची इन्सुलिन आमच्या फ्रिजमध्ये होती. मला त्याचा मनापासून अभिमान आहे.

यंत्र खिडक्यांपासून 20 फूट तरी लांब ठेवा, गॅरेजमध्ये तर कधीच चालवू नका. 2021 मध्ये कार्बन मोनॉक्साइडने इथे माणसं गेली आहेत.

देखभालीत सगळ्यात महत्त्वाचं: डिझेल इंजिन लोडशिवाय, म्हणजे विजेची उपकरणं न जोडता, रिकामं चालवू नका. सतत कमी लोडवर चाललं की न जळलेलं डिझेल आणि काजळी एग्झॉस्टमध्ये साचते. मी महिन्यातून एकदा पाण्याचा हीटर आणि कपड्यांचा ड्रायर एकदम लावून चांगला तापेपर्यंत चालवतो. लोड नसताना फ्रिक्वेन्सी 60 हर्ट्‌झच्या थोडी वर ठेवतो, लोड आला की ती खाली येते. टाकीत 9 गॅलन मावतात. जास्त वेळ चालवायचं असेल, तर मशीनमध्येच जादा इंधनपंप आहे, नळी थेट पिंपात सोडता येते. ह्यूस्टनच्या दमट हवेत डिझेलमध्ये पाणी उतरतं, त्यामुळे चालू करण्याआधी दर वेळी फिल्टरच्या तळाचा कॉक उघडून पाणी काढून टाका.